आईनं परत केलेलं खुरपं (अन् तुम्ही काय घडवलं ते दाखवा)

ऐरण_जिंतूर
राम राम मंडळी. वर्षभर नुसतं वाचायलो होतो, आज पहिल्यांदा लिहायलोय. फोटो तीन टाकलेत, तिन्ही खुरपीच आहेत.

मी संभाजीनगरला कंपनीत मेंटेनन्सला आहे, गाव जिंतूर तालुक्यात. शनिवारी रात्री गावी येतो, सोमवारी पहाटे परत. मागल्या दिवाळीत गोठ्याच्या मागं भट्टी मांडली. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, त्याला खालून दोन इंची पाईप अन् हातानं फिरवायचा पंखा. तो पंखा एका कल्हईवाल्याच्या पोरानं दिला, त्याच्या वडलांच्या माघारी तो कुणी फिरवलाच नव्हता. ऐरण म्हणजे रुळाचा दीड फुटाचा तुकडा, लिंबाच्या बुडख्यात खाच करून बसवलाय. कोळसा बाभळीचा, ठिणग्या लई उडवतो पण ताव चांगला देतो.

पहिलं खुरपं बांधकामातल्या उरलेल्या बारा एमएमच्या सळईचं. अख्खा रविवार ठोकत बसलो, हाताला फोड आले, पण दिसायला खुरपं झालं. आई हरभऱ्यात घेऊन गेली, दुपारच्या आत धार गेली अन् टोक मुरडलं. दुसरं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं केलं. लालबुंद करून अख्खंच गार पाण्यात बुडवलं, वाटलं जितकं कडक तितकं चांगलं. बांधाला दगड लागला अन् मानेत काडकन तुटलं. तुटलेल्या जागी साखरेसारखे मोठे मोठे दाणे दिसायले होते, त्याचा फोटो मुद्दाम जवळून काढलाय.

तिसरं परत पाट्याचंच. बाजारातलं एक खुरपं समोर ठेवून त्याच्यासारखं घडवलं, या वेळेला नुसत्या धारेला पाणी दिलं, म्हणजे लाल करून तेवढीच बुडवली. हे तुटलं नाही, वाकलं नाही, धार चार दिवस टिकली. मी खूश. आत्ता सोयाबीनची खुरपणी चालू आहे तर आईला दिलं. एक पात (खुरपत न्यायची ओळ) पुरी करून ती बांधावर आली अन् म्हणली, "धार चांगली हाय रे, पण हे माझ्या हाताचं नाही." अन् आपलं जुनं झिजलेलं खुरपं घेऊन परत पातीला लागली.

मंडळी, ते वाक्य डोक्यातून जाईना. संध्याकाळी दोन्ही खुरपी काट्यावर ठेवली. तिचं २१० ग्रॅम, माझं ३९०. पण नुसत्या वजनाचा फरक असता तर ती 'जड आहे' म्हणली असती. तुमच्यापैकी कुणी शेतातली हत्यारं करत असाल तर सांगा, वजन कसं काढायचं अन् अजून काय बघायचं. अन् एक विनंती, धाग्यावर आपापलं काम टाका. सुऱ्या सगळेच टाकतात, त्याबी टाका, पण रोज कुणाच्या तरी हातात असतं असं काही केलं असेल तर ते आधी टाका.

कोयता_केज
भाऊ, तुमच्या आईनं जे सांगितलं तेच मला माझ्या बापानं कोयत्याबद्दल सांगितलं होतं, म्हणून लगेच लिहायलोय.

आमचं घर ऊसतोडीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या बीड जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर, किती माणसं चालली असं कुणी इचारत नाही, किती कोयते चालले असं इचारतात. दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून कारखान्याकडं, ते उन्हाळ्यात परत. मी आजीजवळ राहून शिकलो, आयटीआयला वेल्डर केला, आता केजला दुकान आहे. हातोडा धरला तवा पहिलं काय घडवायचं हा प्रश्नच नव्हता.

पाट्याचा कोयता केला, ताव देऊन गरम तेलात बुडवला, नंतर बायकोच्या केकच्या ओव्हनमधी २०० डिग्रीला दोन तास ठेवला. दाढी होईल अशी धार. बापाला दिला. दुसऱ्या दिवशी फडातून फोन, "ह्याला कानस लागत नाही." मला काही कळंना. मग लक्षात आलं. ऊस पार बुडातून तोडावा लागतो, साखर बुडालाच जास्त असती, वर खोडकी राहिली की बोलणी बसतात. बुडात तोडायचं म्हणल्यावर कोयता मातीत जाणार, खडा लागणार, धार जाणारच, ती कितीबी कडक करा. माणूस दिवसातून धा-बारा वेळा कोयता मांडीवर घेतो, कानस मारतो, परत लागतो. फडात ग्राइंडर नसतो. माझा कोयता इतका कडक होता की कानस त्याच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरायली होती. म्हणजे धार गेली की कोयता बाद.

मग परत तापवून कडकपणा पार निळ्या रंगापर्यंत उतरवला. आता कानस धरते, धार थोडी लवकर जाते पण दोन मिनिटात परत येते. गेल्या हंगामात तोच कोयता चालला, फोटो टाकलाय, मुठीला सायकलची ट्यूब बापानंच गुंडाळलीय. माझं म्हणणं एवढंच, कडकपणा किती ठेवायचा हे वापरणारा धार कशानं लावतो त्याला इचारून ठरवा.

भाता_वसमत
लेकरांनो वाचून बरं वाटलं. मी पिढीजात लोहार आहे, वसमतजवळ, वय एकसष्ट. टायपिंग नातू करायलाय, मी सांगायलोय.

जिंतूरचे भाऊ, पहिली गोष्ट, वजन ग्राइंडरनं काढू नका. ग्राइंडरनं पातळ केलेलं पातं सगळीकडं सारखंच पातळ होतं अन् मग वाकतं. ऐरणीवर ओढून पातळ करायचं. मानेजवळ जाडी ठेवायची अन् टोकाकडं, धारेकडं उतरती उतरती न्यायची. पाट्याचा लहान तुकडा घ्या, तुम्ही मोठा घेतलाय हे फोटोतच दिसायलंय. अन् रंग गेला की हातोडा थांबवायचा. लाल मावळून काळं पडायला लागलं की एकबी घाव घालायचा नाही, परत भट्टीत. काळ्यावर मारलेला घाव आत चीर पाडून ठेवतो, ती पाणी देताना दिसती.

दुसरी गोष्ट, उन्हात काम करायलात का? फोटोत ऊन दिसायलंय. उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. आमची दुकानं अंधारी काहून असतात असं लोक इचारतात, ती रंगासाठीच अंधारी असतात. गोठ्याच्या मागं तट्ट्या लावून घ्या.

पाणी असं द्या. दोन बोटं धार तेवढी बुडवायची, पातं जरा खालवर हलवत राहायचं, एका रेषेवर धरलं तर त्याच रेषेवर चिरतं. मानेला पाणी लागू द्यायचं नाही. लगेच बाहेर काढून इटकरीच्या तुकड्यानं धारंवर घासायचं, पांढरं चकचकीत दिसलं पाहिजे. मग बघत बसायचं. वरची ऊब खाली उतरती अन् धारंवर रंग पळायला लागतात, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. खुरप्याला जांभळा संपून निळा लागायला की परत पाण्यात. एवढं सगळं दहा-पंधरा श्वासात होतं, डोळा काढायचा नाही.

तिसरी गोष्ट लई महत्त्वाची. तुमची आई कोणत्या हातानं खुरपती?

माझे वडील होते तवा मिरगाच्या आधी आमच्या दारात रांग लागायची. कुळवाची पास शेवटायला, तिफणीचे फण शेवटायला (म्हणजे झिजलेलं टोक तापवून परत ओढायला), इळ्याला दाते पाडायला. पैसे कुणी देत नव्हतं, खळं झालं की जवारी यायची, ते बलुतं. पण त्याच्यामुळं एक होतं, गावातल्या प्रत्येक घराचा हात वडलांच्या ओळखीचा. ही बाई बसून खुरपती, ही ओणवी, हिची बोटं आखूड, ही डावखुरी. डावखुरीचं खुरपं उलट्या वाकाचं अन् धारबी उलट्या अंगानं लावलेली. बाजारातलं खुरपं सगळं उजव्या हाताचं असतं. ते समोर ठेवून केलं म्हणल्यावर मला तीच शंका आली.

सेलूचा_दिग्या
काकांची पोस्ट सेव्ह करून ठेवली. एक प्रश्न, रोटावेटरची झिजलेली पाती गावात पोत्यानं पडलीत, ती चालतील का? अन् बांधकामाच्या टीएमटी सळईचं खरंच काहीच होत नाही का?

वाळूज_टूलरूम
दिग्या, दोन्हीचं उत्तर देतो. मी वाळूजला टूलरूममध्ये हीट ट्रीटमेंट बघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

पाणी धरायचं की नाही हे लोखंडातल्या कार्बनवर ठरतं. साध्या माइल्ड स्टीलमध्ये तो साधारण ०.२ टक्के किंवा त्याहून कमी, त्याला कितीही पाणी द्या, धारेइतकं कडक होत नाही. सळईचंही तसंच. टीएमटीला कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्यानं बाहेरून कडक सालपट दिलेलं असतं, तुम्ही ती भट्टीत लाल केली की ते सालपटही गेलं. जिंतूरच्या दादांचं पहिलं खुरपं त्याच्यामुळे मुरडलं. सळईचे आकडे करा, खुंट्या करा, सांडशी करा, धारेचं काम करू नका.

ट्रकचा पाटा म्हणजे स्प्रिंग स्टील, आपल्याकडे बहुतेक ईएन ४५, ईएन ४७ किंवा त्याच जातीचं. कार्बन ०.५ ते ०.६ च्या आसपास. शेतीच्या हत्याराला याच्यासारखं सहज मिळणारं दुसरं नाही. बेअरिंगचं ईएन ३१ कार्बन १ टक्का, धार अप्रतिम घेतं पण खडा लागला की तुकडा उडतो, ते स्वयंपाकघरातल्या सुरीला ठेवा. रोटावेटरची पाती दोन जातीची येतात, काही स्प्रिंग स्टीलची, काही बोरॉन स्टीलची, अन् बोरॉनवाल्यात कार्बन बराच कमी असतो. न बघता सांगता येत नाही. म्हणून कुठलंही भंगार असलं की एक तुकडा कापा, लाल करा, तेलात बुडवा अन् कानस मारून बघा. कानस घसरली तर पाणी धरलं. मग तोच तुकडा शिकंज्यात धरून हातोडीनं तोडा अन् आतले दाणे बघा.

दादांच्या दुसऱ्या खुरप्यात साखरेसारखे दाणे दिसले ते याचंच. जास्त वेळ जास्त तापलं की दाणा फुगतो, फुगलेला दाणा ठिसूळ. उपाय सोपा आहे. घडवणं संपलं की पातं लाल करून हवेत आपोआप गार होऊ द्यायचं, असं तीनदा, दरवेळी ताव थोडा कमी. दाणा परत बारीक होतो. नीट पाणी दिलेल्या पात्याचा तुटलेला भाग राखाडी मखमलीसारखा दिसला पाहिजे.

ताव किती झाला हे रंगावरून काकांसारख्या माणसाला कळतं, आपल्याला नाही, म्हणून जवळ एक लोहचुंबक ठेवा. साधारण ७७० डिग्रीला लोखंड चुंबकाला चिकटणं सोडतं. पाट्याच्या पोलादाला त्याच्याही वर जावं लागतं, म्हणून चुंबक सुटल्यावर अजून एक-दोन छटा उजळ होऊ द्या अन् मग बुडवा. नवशिक्यांनी पाण्याऐवजी तेल घ्या, पाण्यात पाट्याला चीर जायची भीती असते. घरातलं वापरलेलं करडीचं किंवा शेंगदाण्याचं तेल चालतं, आधी हाताला चांगलं कोमट लागेल एवढं, पन्नास-साठ डिग्री, गरम करून घ्या, गार तेल दाट असतं, उष्णता लवकर ओढत नाही. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट. डबा लोखंडाचाच हवा अन् वर झाकण हाताशी हवं.

काकांनी सांगितलेल्या रंगांचे आकडे साधारण असे, फिका पिवळा २०० ते २३०, तपकिरी २६० च्या जवळ, जांभळा २८०, निळा ३००. केजच्या भावाचा कोयता २०० ला ठेवल्यावर कानस घेईना अन् निळ्याला घ्यायला लागली, ते बरोबर याच हिशोबानं. आमच्याकडे पायरोमीटर (ताव मोजायचं यंत्र) आहे, काकांकडे इटकर आहे, पोचतो एकाच ठिकाणी.

ऐरण_जिंतूर
वसमतचे काका, तुमचा प्रश्न वाचला अन् अर्धा तास तसाच बसलो.

आई जेवते उजव्या हातानं, देवाला फूल वाहते उजव्या हातानं. मला वाटायचं सगळं उजव्यानंच. आज रविवार, मुद्दाम शेतात जाऊन बांधावर बसलो. ती डाव्या हातानं खुरपते. उजव्या हातानं तण धरते अन् डाव्यानं बुडातून उचलते. पस्तीस वर्षं त्या शेतात तिच्या मागंपुढं वाढलो, डबा घेऊन गेलो, अन् ती कोणत्या हातानं खुरपते हे मी कधी बघितलंच नव्हतं.

तिला विचारलं तर म्हणली, हे जुनं खुरपं लग्नानंतर दोन वर्षांनी गावच्या लोहारानं केलेलं, त्यानंच हात बघून केलं, आपण काही सांगितलं नव्हतं. ते लोहार आता नाहीत, त्यांची पोरं पुण्याला. मी दोन्ही खुरपी तोलली, मोजली, पण एकावर एक ठेवून बघितली नाहीत. आज ठेवली. वाक बरोबर उलटा आहे. अजून एक दिसलं, तिच्या खुरप्याची मान वर उचललेली आहे, पातं जमिनीला सपाट टेकलं तरी मूठ चार बोटं वर राहते, माझ्यात दोनच, म्हणजे तिची बोटं मातीत घासत असणार.

नवीन तुकडा कापलाय. पुढल्या रविवारी.

चूल_औसा
सगळ्यांना नमस्कार. मी औशाची, घरी शिवणकाम करते अन् दीड वर्षापासून दिराच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये संध्याकाळी भट्टी पेटवते. इथं बायका कमी दिसतात म्हणून लिहीत नव्हते, पण 'रोज हातात असतं असं टाका' वाचलं अन् राहवलं नाही.

फोटोत आहे ते असं, दोन उलथनी, एक सांडशी, चुलीतला निखारा ओढायची कोलती, अन् माळवदाच्या घरात शिंकं टांगायला चार आकडे. सगळं बारा अन् दहाच्या सळईचं. उलथन्याचं पातं माझं सुरुवातीला लई जाड व्हायचं, भाकरीच्या खाली शिरायचंच नाही. सासूबाईंनी दाखवलं की उलथनं तव्याच्या उतारासारखं किंचित गोल लागतं, सरळ कडेचं उलथनं भाकरीला मधीच टोचतं. आता तव्यावर ठेवूनच वाक देते. खाण्याच्या वस्तूला शेवटी गरम असताना तेलाचं फडकं फिरवते, काळी चकाकी येते अन् गंज धरत नाही.

मला पहिल्या दिवसापासून एकच विचारतात, बाईला घण झेपतो का. आमच्या गावाला लहानपणी घिसाडी, म्हणजे फिरते लोहार, यायचे, गाडीवर सगळं बिऱ्हाड, झाडाखाली जमिनीत खड्डा करून भट्टी. नवरा सांडशीत लोखंड धरून बसायचा, लहान हातोडीनं जागा दाखवायचा, अन् घण उचलायची ती बाई. पदर खोचून, लेकरू बाजूला झोळीत, अन् घाव एका लयीत. मी शाळेला जाताना उभी राहून बघायचे. ते चित्र डोळ्यासमोर होतं म्हणून मला कधी हे काम परकं वाटलं नाही. त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलली, हात नाही उचलायचा, घण कमरेतून वर न्यायचा अन् खाली येताना त्याचं त्याला येऊ द्यायचं.

धाराशिव_कार्यानुभव
ताई, आकडे सुंदर झालेत, टोकाला दिलेला पीळ सारखा आलाय, ते सोपं नाही.

मी शाळेत शिकवतो, मुलं बघायला येतात म्हणून मला तीन गोष्टी लिहाव्याशा वाटतात. पहिली, पांढरा मुलामा असलेलं लोखंड, जीआय पाईप, पत्रा, जुन्या बादलीची कडी, हे भट्टीत घालू नका. तो मुलामा जस्ताचा असतो, ९०७ डिग्रीला जस्त उकळतं अन् पांढरा धूर होतो. तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, छाती दुखते. माझ्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटरला दोन दिवस अंथरुणाला खिळावं लागलं. अन् चष्मा घाला, पोपडा उडून डोळ्यात जायला वेळ लागत नाही. कपडे सुती, टेरीकॉट ठिणगीनं कातडीला चिकटतं.

दुसरी, रुळाचा तुकडा. ऐरण म्हणून फार चांगला, अन् उभा केला तर अजून चांगला, कारण घावाच्या बरोबर खाली जास्त लोखंड येतं, हे करून बघा. पण रुळ रेल्वेची मालमत्ता आहे अन् तिच्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, कुणाच्या घरी सापडला तर तो कायदेशीर मार्गानं मिळाला हे त्यालाच दाखवावं लागतं. लिलावातल्या भंगाराची पावती असलेल्या दुकानातूनच घ्या अन् पावती जपून ठेवा.

तिसरी, पोरं तलवारी करायचं म्हणतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट आली की परवान्याचा प्रश्न येतो. घरगुती अन् शेतीच्या हत्यारांना त्यातून सूट आहे. म्हणून कोयता, कुऱ्हाड, विळी यांच्यात जीव रमवा, त्यात कारागिरी काही कमी लागत नाही.

गोदाकाठ_नांदेड
वाचत वाचत इथपर्यंत आलो अन् माझ्या आवडीचा विषय आल्याशिवाय राहणार नाही म्हणून मीच आणतो.

आपण पाट्याचं पोलाद भंगारात शोधायलोय, पण आपल्या शेजारी पोलाद बनायचं. नांदेडहून भोकर, भैंसा करत निर्मलला जा, त्या पट्ट्यात अन् खाली निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम गाव आहे. मातीच्या बंद मुशीत लोखंड अन् कार्बन देणारं काहीतरी घालून तासन्‌तास ताव द्यायचे, अन् मग हळूहळू गार करायचे. जी लहान गोल वडी निघायची ते जगप्रसिद्ध वुट्झ पोलाद. १८२० च्या आसपास व्हॉयसी नावाच्या इंग्रज भूगर्भतज्ज्ञानं कोनसमुद्रमची ही भट्टी बघून लिहून ठेवलंय, त्यात आहे की थेट इराणातल्या इस्फहानचा व्यापारी तिथं येऊन राहिला होता, पोलाद आपल्या डोळ्यादेखत तयार करून घ्यायचा. अन् हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत आपल्या मराठवाड्यासकट एकाच निजामाच्या राज्यात होता.

एक खुलासा, आज नेटवर लाटालाटांचं नक्षीदार पातं 'दमास्कस' म्हणून विकतात ते बहुतेक दोन जातीच्या पट्ट्या एकावर एक जोडून घड्या घातलेलं असतं. जुन्या वुट्झच्या पात्यावरची नक्षी वडीच्या आतूनच यायची, जोडकामातून नाही. दोन्ही अवघड, पण दोन्ही वेगळे.

अन् काकांनी फण-पास शेवटायचं लिहिलं त्यावरून आठवलं. विजापूरच्या उपली बुरुजावर तीसेक फूट लांबीची तोफ आहे, ती ओतीव नाही, घडीव आहे. लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या लावून त्यांच्यावर कड्यांमागून कडी चढवलीत. मी हात लावून बघितली तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाची धाव.

भाता_वसमत
नांदेडच्या साहेबांनी बरोबर धरलं. धाव म्हणजे तेच काम. लाकडी चाकापेक्षा लोखंडी कडं थोडं लहान करायचं, किती लहान हे चाकाच्या घेरावर अन् लाकूड किती वाळलंय त्याच्यावर. गोवऱ्या भवताली रचून कडं चहूबाजूनं सारखं तापवायचं, तापलं की ते वाढतं. मग तिघा-चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायचं, लाकूड पेट घेतं, लगेच पाणी ओतायचं. कडं आवळतं तवा चाकाचे आरे कर्रकर्र वाजतात, तो आवाज नीट आला की धाव बसली. आता सगळ्या गाड्यांना टायरची चाकं, गेल्या पाच वर्षात मी दोनच धावा चढवल्या. पोळ्याच्या आधी एका माणसाची हौसेची गाडी यायची आहे, त्याला जुनंच चाक पाहिजे. ज्याला बघायचं असेल त्यानं या, दिवस ठरला की नातू इथं टाकील. घण मारायला माणसं लागतीलच. औशाच्या ताईनं तर नक्की या.

चूल_औसा
येते काका. घण माझा घेऊन येते, हाताला बसलेला आहे.

ऐरण_जिंतूर
मंडळी, चौथा फोटो टाकायलोय.

तुकडा आधीच्या निम्माच घेतला. तट्ट्या लावून सावली केली, अन् खरंच रंग वेगळेच दिसले, मी आत्तापर्यंत उन्हात जे 'लाल' समजत होतो ते पिवळ्याच्या जवळ होतं, म्हणूनच दाणा फुगत होता. मान आधी ओढून घेतली, मग पातं. वाक डावा, धार डाव्या हाताच्या अंगानं. तीनदा हवेत गार केलं. पाण्याच्या वेळेला आईला शेजारी बसवलं अन् मूठ कुठं येते ते तिच्याकडूनच धरून बघितलं, चार बोटं वर. इटकरीनं घासून रंग बघितला, पहिल्या खेपेला निळा पळून गेला, परत ताव दिला, दुसऱ्या खेपेला जांभळ्या-निळ्याच्या मधी सापडला. मूठ बाभळीची, शेंबी (मुठीच्या तोंडाची कडी) जुन्या पितळी पाईपची. वजन २२५ भरलं.

सकाळी तिच्या हातात दिलं अन् मी घरीच थांबलो, समोर उभं राहून विचारायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारी भाकरी घेऊन गेलो तर चौथी पात चालू होती. काही बोलली नाही. जुनं खुरपं बांधावर पिशवीतच होतं. संध्याकाळी दोन्ही खुरपी धुवून तिनं वळचणीला खोचली.

शेजारच्या दोघी काकूंनी मागितलंय. एकीचा हात उजवा आहे, एक ओणवी खुरपते, पुढल्या रविवारी दोघींच्या पातीला जाऊन बघून येतो. वसमतचे काका, पैसे किती घ्यावेत? मला तर फुकटच द्यावं वाटायलंय.

भाता_वसमत
फुकट देऊ नका. आई-मावशीला द्या, बाकी कुणाला नाही. तुमच्या पंचक्रोशीत जो लोहार अजून भट्टी पेटवतो त्याचा भाव इचारा अन् त्याच्यापेक्षा एक रुपया कमी घेऊ नका. तुमचा पगार कंपनीतून येतो, त्याचं घर त्या खुरप्यावर चालतं. अन् एकदा त्याच्याकडं जाऊन बसा, चहा घेऊन जा. ओणवं खुरपणारीचं खुरपं कसं असतं ते मी लिहून सांगण्यापेक्षा तो हातात देऊन दाखवील. दांडा लांब लागतो अन् मान जास्त उचलावी लागती, एवढं मात्र आत्ताच लक्षात ठेवा.